सात नंबरचा बांध : बर्फातल्या सायकलमार्गाच्या नोंदी

४ जानेवारी

वही उघडली. काम असं: घर ते ऑफिस ६.८ किलोमीटरचा सायकलमार्ग, त्यावर ठरवलेल्या ११ जागा. बर्फ पडला की सकाळी प्रत्येक जागी थांबायचं आणि पायाखाली काय आहे ते लिहायचं. मार्च संपेपर्यंत. ताईचं ऑफिस माझ्या घराजवळ, त्यामुळे ती त्याच मार्गावरून उलटी येते, तीही माझ्यानंतर तासा-दीड तासाने. म्हणजे एका सकाळच्या दोन नोंदी फुकटात.

हे का सुरू केलं, तर गेल्या हिवाळ्यात नकाशावर हा मार्ग हिरवा, म्हणजे ‘साफ’ दिसायचा, आणि आम्ही दोघं सायकल उचलून चालत असायचो. बर्फ काढणाऱ्या खात्याकडे तक्रार केली की उत्तर यायचं, मार्ग साफ केलेला आहे. ते खोटं बोलत असतील असं वाटत नाही. आम्हीही बोलत नव्हतो. मधे काय निसटतंय ते बघायचं.

पहिली अडचण भाषेची निघाली. आपल्याकडे आकाशातून पडतो तोही बर्फ आणि डबक्यावर धरतो तोही बर्फ. ‘हिम’ लिहून पाहिलं, पण थंडीत बोटं आखडलेली असताना तो शब्द फारच सोवळ्यातला वाटतो. शेवटी सहा शब्द पक्के केले. भुसा: ताजा, कोरडा, फुंकर मारली तर उडणारा. चोपलेला: जमीन चोपतात तसा दाबून घट्ट झालेला पांढरा थर. रवा: मीठ पडल्यावर होणारा तपकिरी, कणीदार, चाकाखाली सरकणारा. राड: पाणी आणि बर्फाचा काला. काच: दिसत नाही ती. आणि चाकोरी: ओल्यात उमटलेल्या चाकांच्या खाचा गोठल्या की त्या. ताई म्हणाली, “चाकोरी हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरतेय.”

सामान: स्टीलची पट्टी, सरळ कडांचा पत्र्याचा डबा, थर्मामीटर, टेप. ब्रेकची चाचणी ताशी १५ किलोमीटर वेगावरून, फक्त मागच्या ब्रेकने. पुढचा ब्रेक बर्फात दाबायचा नाही. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण खालीच. कोरड्या रस्त्यावर आज सरासरी ३ मीटर आलं.

खिळ्यांचे टायर मागच्या आठवड्यात चढवले. खिळे टंगस्टन कार्बाइडचे, म्हणून डांबरावर लवकर झिजत नाहीत. पहिले ४० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, जोरात ब्रेक न लावता चालवले की ते रबरात नीट बसतात. ताईला एवढा धीर नव्हता. तिचे दोन खिळे पहिल्याच दिवशी उडाले.

९ जानेवारी

उद्या मोठा बर्फ सांगितलाय. संध्याकाळी परतताना मार्गावर ओल्या समांतर रेघा दिसल्या, विंचरल्यासारख्या. मिठाचं पाणी आधीच मारून ठेवलंय. बर्फ पडायच्या आधी ते जमिनीवर असेल तर पहिला थर डांबराला चिकटत नाही आणि नंतर बर्फ काढायच्या यंत्राच्या पात्याने सुटून निघतो. वरून कोरडं मीठ टाकण्यापेक्षा हे कितीतरी कमी मिठात भागतं. कोरडे खडे टप्पे खात कडेच्या गवतात जातात, द्रावण पडल्या जागी राहतं.

म्हणजे खात्याला काम कळत नाही, असं अजिबात नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे राग आला तर वाचायला.

१० जानेवारी

रात्रभर पडला. सकाळी ६:२० ला तापमान −५, पट्टीवर २६ सेंटिमीटर. सगळीकडे भुसा. सायकल अंगणाच्या दारापर्यंतही गेली नाही. १५ सेंटिमीटरच्या पुढे चाक बर्फ कापत नाही, समोर ढकलत नेतं आणि मग थांबतं. चालत गेलो, ११ पैकी ५ जागा झाल्या.

डब्याचा प्रयोग मात्र केला. डबा उलटा धरून सरळ खाली दाबला, २६ सेंटिमीटर बर्फाचा उभा तुकडा घेतला, घरात वितळू दिला. पाणी भरलं २१ मिलिमीटर. म्हणजे घनमीटरला साधारण ८१ किलो. हातात धरला तर वजनच लागत नाही, पण मार्ग अडीच मीटर रुंद आहे. एका मीटर लांबीवर ५२ किलो. पूर्ण ६.८ किलोमीटरवर ३५० टनांच्या वर.

ऑफिसात एकाने विचारलं, मार्गाखाली तापवायच्या नळ्या का घालत नाहीत. हिशेब केला. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. फक्त आजचा बर्फ पाणी करायचा तर मीटरमागे जवळपास ५ युनिट वीज, पूर्ण मार्गाला ३३ हजार. तीही हवेत आणि जमिनीत जाणारी उष्णता न धरता. ढकलणं स्वस्त आहे. पुलाच्या चढावर किंवा एखाद्या जिन्यापाशी तापवणं परवडेल, सहा किलोमीटर नाही.

११ जानेवारी, सकाळ

आजची सकाळ जपून लिहितो.

५:४० ला सायकलमार्गाचा बर्फ काढणारं छोटं यंत्र गेलं. खिडकीतून पिवळा दिवा दिसला. ६:५० ला निघालो. जागा १ ते ६: डांबर काळं, ओलं, कडेला हातभर उंच नीट भिंती. पात्याने एवढं साफ होत नाही, पुढे फिरता झाडू लावलेला असणार. स्वीडनमध्ये लिनशॉपिंगला हीच पद्धत आधी रुळली: पुढे झाडू, मागे मिठाचं पाणी. सायकलमार्गाला ती जास्त लागू पडते, कारण मोटारींच्या रस्त्यावर हजारो टायर मीठ आणि बर्फ घुसळून देतात. आमच्या हलक्या चाकांनी काही घुसळलं जात नाही. इथे मागे बर्फ राहिला की मीठ त्याचा फक्त रवा करतं, आणि रव्यावर चालवण्यापेक्षा चोपलेला बर्फ बरा.

ब्रेक ३.४ मीटर. खूश होऊन सात नंबरला पोचलो. सात म्हणजे मोठ्या रस्त्याचा चौक. ७:१२ ला तिथेही साफ. ‘उत्तम’ लिहून पुढे गेलो. सगळ्या ११ जागा हिरव्या. नकाशाही हिरवा.

८:३५ ला ताईचा फोन. “सातला आहे. पलीकडे जाता येत नाहीये. तू काय उत्तम लिहिलंस रे?”

फोटो पाठवला. मार्गाच्या तोंडावर, दोन्ही बाजूंना, आडवा बांध. मधल्या वेळात मोठ्या रस्त्यावरून मोठं यंत्र गेलं होतं आणि त्याने रस्ता स्वच्छ करून सगळं उजवीकडे लोटलं. उजवीकडे आम्ही.

तिने मापं घेतली: उंची ४४ सेंटिमीटर, रुंदी ९०. डबाही तिच्याकडे होता (शहाणी आहे). बांधातला २६ सेंटिमीटरचा तुकडा वितळल्यावर पाणी ११ सेंटिमीटर. घनमीटरला ४२० किलोच्या आसपास. काल पडला तोच बर्फ, पण पात्याने लोटताना त्याचे कण तुटले, घट्ट बसले आणि पाचपट जड झाले. आणि तो तसा राहतही नाही. तुटलेले कण एकमेकांना चिकटत जातात. तासाभरात फावडं लागतं, संध्याकाळी कुदळ.

सातवा शब्द वहीत चढला: बांध.

११ जानेवारी, संध्याकाळ

बांधावरून दिवसभर लोकांनी वाट पाडली. आधी बूट, मग सायकली, मग कुणीतरी बाळाची गाडी ओढत नेलेली. दुपारी ऊन होतं, थोडा सुटला, ५ नंतर −८. आता तिथे चार चाकोऱ्या, दगडासारख्या. पुढचं चाक एकीत, मागचं दुसरीत. उतरलो.

६.८ किलोमीटरपैकी जेमतेम दोन मीटर. सायकलवर कोण येईल, हे तेवढे दोन मीटर ठरवतात. आज संध्याकाळी मोजलेल्या २० मिनिटांत सातला १४ सायकली आल्या. ९ जण उतरून चालले, ३ मोटारींच्या रस्त्यावर उतरून वळसा घालून गेले, दोघं परत फिरले. परत फिरलेल्यांपैकी एकीच्या मागे लहान मूल होतं.

१३ जानेवारी

−१४, वारा ताशी २०. कॅनडा-अमेरिकेच्या २००१ च्या सूत्राने हे उघड्या त्वचेला −२३ सारखं. गालांना सूत्र माहीत नसूनही पटलं.

काल आणखी ४ सेंटिमीटर पडला, झाडू आला नाही. मीठही दिसत नाही आणि ते बरोबर आहे. साधं मीठ पुस्तकात −२१ पर्यंत पाणी गोठू देत नाही, पण ते २३ टक्क्यांच्या द्रावणाचं. रस्त्यावर −१० च्या खाली त्याचं काम इतकं मंदावतं की टाकून उपयोग नसतो. आज सगळीकडे चोपलेला बर्फ. चाकाखाली करकर आवाज, खिळे छान धरतात. ब्रेक ६.१ मीटर, दुप्पट, पण भरवशाचा. प्रत्येक वेळी तेवढाच.

फिनलंडमध्ये औलूला हेच जाणूनबुजून करतात: मीठ नाही, बर्फ सपाट दाबून ठेवायचा, वर खडी. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली परिषद तिथे भरली ती उगाच नाही. पण तिथे थंडी टिकते. आमच्याकडे चार दिवसांत पारा शून्याच्या वर जाऊन येतो, तेव्हा त्यांची पद्धत इथे जशीच्या तशी आणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परतताना वेगळाच प्रकार. सिग्नल सुटला, पॅडल मारलं, पाय गरागरा फिरला आणि सायकल जागेवर. चेन शाबूत. फ्रीव्हीलचे कुत्रे, म्हणजे पॅडलचा जोर मागच्या चाकाला देणारे आतले छोटे खटके, गारठले! आतलं ग्रीस घट्ट होऊन कुत्रे दाताला धरेनात. पाच मिनिटं सायकल ढकलत, पॅडल फिरवत चाललो तेव्हा एक ‘टक’ झाला. शनिवारी जुनं ग्रीस काढून पातळ तेल.

ताईची विजेची सायकल निम्म्या वाटेतच चार्ज मागू लागली. थंडीत बॅटरी कमीच देते. ती बॅटरी घरात आणून, पूर्ण कोमट होऊ देऊन मग लावते; शून्याखालच्या बॅटरीला चार्ज केलं तर आतून कायमची बिघडते.

१४ जानेवारी

गेलो नाही. एक हातमोजा ओला राहिला होता.

१७ जानेवारी

+३. राड. घोट्यापर्यंत. मडगार्ड आणि टायरच्या मधे राड भरून चाक दोनदा अडलं. कडेच्या भिंती खचू लागल्यात आणि पाणी मार्गावर येतंय. गटाराच्या जाळ्या बर्फाखाली गाडलेल्या, त्यामुळे त्याला जायला वाट नाही. सहा आणि नऊ नंबरला आडवे ओघळ, हाताच्या पंजाएवढे रुंद. खडूने कडेच्या खांबावर खुणा केल्या. आज रात्री −५ सांगितलंय.

१८ जानेवारी

पडलो. नऊ नंबर, पुलाच्या अलीकडचं वळण.

खूण स्वतः केलेली, जागा पाठ, तरी पडलो. ओघळ काल पंजाएवढा होता, रात्रभर वाहून गोठत तो दीड मीटर पसरला होता. डांबर काळं दिसत होतं, ओलं वाटत होतं. एवढंच लक्षात आलं की चाकाचा आवाज बंद झाला. खिळ्यांचा डांबरावर सतत चर्र आवाज असतो. तो थांबला आणि त्याच क्षणी मी कुशीवर होतो, सायकल माझ्यापुढे एकटीच घसरत कठड्याकडे निघालेली. खिळे सरळ रेषेत धरतात. वळणात सायकल झुकलेली असते तेव्हा कडेच्या ओळीत खिळे हवेत, माझ्या टायरला फक्त मधल्या दोन ओळी आहेत.

कोपर सुजलं, मोडलं काही नाही. बसल्या बसल्या टेप लावला: काचेची रुंदी १.६ मीटर, जाडी कडेला ४ मिलिमीटर. उभं राहून ब्रेकची चाचणी घेतली नाही, याबद्दल ताई अजून चिडवतेय. तिने तासाभराने खडी टाकून घेतली, फोन करून. खडी पडल्यावर तिचा ब्रेक ९ मीटर.

शिकलो ते: बर्फ कुठे लोटायचा याचं उत्तर ‘बाजूला’ एवढंच असून भागत नाही. मार्गाला उतार ज्या बाजूला, त्याच बाजूला, म्हणजे खालच्या अंगाला ढीग हवा. नऊ नंबरला तो वरच्या अंगाला आहे. वितळलेला प्रत्येक थेंब मार्ग ओलांडून जाणार.

२१ जानेवारी

हलका बर्फ, ३ सेंटिमीटर. मुद्दाम ५:३० ला बाहेर उभा राहिलो आणि छोट्या यंत्राच्या चालकाला हात केला. थांबले. वयाने माझ्या वडिलांएवढे. काच खाली केली, मी वही दाखवली, त्यांनी गाडी बंद केली आणि दहा मिनिटं बोलले.

पातं दीड मीटरचं, म्हणून एका अंगाला दोन फेऱ्या. मार्गाच्या तोंडाशी मोटारी येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब त्यांचे खरे शत्रू; दोन खांबांमधून यंत्र जाताना दोन्हीकडे बोटभर जागा उरते. भुयारी मार्गाजवळ एक झाकण वर आलंय, त्याला पातं अडकून एकदा कपाळ फुटलं, तेव्हापासून तिथे ते पातं उचलतात. माझ्या वहीत दहा नंबरला रोज ‘२ सेंटिमीटर राहिला, का?’ असं आहे. मिळालं उत्तर.

मग सातबद्दल विचारलं. ते हसले. म्हणाले, मी पावणेसहाला तिथून जातो तेव्हा तिथे काही नसतं. मोठी गाडी गर्दीच्या आधी दुसरी फेरी मारते, साडेसात-पावणेआठला. तोवर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि परत आलो तरी माझ्या कामाच्या यादीत चौक नाही, मार्ग आहे. चौक रस्त्याकडे.

रस्तेवाल्यांच्या यादीत?

तिथे रस्ता आहे. रस्ता साफ असतो.

शेताच्या बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, कारण दोघंही म्हणतात बांध माझा. इथे दोघंही म्हणतात तुझा.

२४ जानेवारी

खात्याला लिहिलं. तक्रारीच्या फॉर्ममध्ये ‘मार्ग साफ नाही’ एवढाच पर्याय होता, तो न निवडता पत्र पाठवलं. ताईने माझा पहिला मसुदा अर्धा कापला. “रडगाणं नको, वेळा दे.” दिल्या. सात नंबर, पाच सकाळी, ७ नंतर आणि ८:३० नंतर. पाचही वेळा पहिली नोंद साफ, दुसरी बांध. चार नंबर (शाळेचा कोपरा) आणि अकराला हेच, पण कमी उंचीचं. मागणी एकच: मोठ्या रस्त्याची दुसरी फेरी झाल्यावर या तीन तोंडांवर छोटं यंत्र पुन्हा फिरवा. पूर्ण मार्ग नको. नऊ नंबरचा ढीग दुसऱ्या अंगाला, ही जोडमागणी. दहाचं झाकण, ही तिसरी.

चालकांचा उल्लेख केला नाही. त्यांना उगाच कुणी विचारायला नको.

२९ जानेवारी

उत्तर: मार्ग नियमाप्रमाणे साफ करण्यात आला आहे. तळाला नाव नसलेली सही.

संध्याकाळी चौथ्या तारखेची नोंद पुन्हा वाचली. मग नवव्या तारखेची.

३० जानेवारी

ताईने त्याच पत्राला तक्ता जोडून पुन्हा पाठवलं, या वेळी रस्ते आणि सायकलमार्ग अशा दोन्ही विभागांना एकाच पत्रात. दोघांना दिसेल की दुसऱ्यालाही गेलंय.

४ फेब्रुवारी

१७ सेंटिमीटर, −३, ओला आणि जड. डब्यात १७ चं पाणी २६ मिलिमीटर, म्हणजे जानेवारीतल्यापेक्षा कमी उंचीत जास्त वजन. पाठीला कळतंय, काल दारातला मीच काढला.

६:५५ ला निघालो. १ ते ६ साफ. सात, ७:१८: साफ. ऑफिसला गेलो नाही, तिथेच थांबलो. ७:४० ला मोठं यंत्र आलं, बांध घातला, गेलं. ३९ सेंटिमीटर. आठ वाजले. सव्वाआठ. पाय बधिर. एक जण सायकल उचलून पलीकडे गेला आणि माझ्याकडे असा बघून गेला की जणू मीच तो घातलाय.

८:२२ ला मार्गाच्या बाजूने पिवळा दिवा. छोटं यंत्र उलटं आलं, पातं तिरकं करून बांध तीन ढकल्यांत कडेला, मग झाडू. तासही झालेला नव्हता, म्हणून तो अजून मऊ होता. चालकांनी हात वर केला. मी पट्टी वर केली.

ताई ८:४० ला पोचली. सायकलवरून, न उतरता. चार नंबरही मोकळा म्हणाली. अकराला मात्र बांध तसाच, ३५ सेंटिमीटर, आणि दहाचं झाकण वरच. नऊला ढीग अजून वरच्या अंगाला. परवा +२ आहे.

खडू संपलाय, आणायचा.